‘स्टारशिप ट्रूपर्स’ ही कादंबरी खरंच फॅसिस्ट आहे का? सिनेमा पाहिल्यावर ती वाचावी का?

तुम्ही विचारलंय की 1997 चा ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (भविष्यातले सैनिक परग्रहावरच्या राक्षसी किड्यांशी लढतात, तो सिनेमा) तुम्हाला आवडला, पण एक मित्र म्हणतो रॉबर्ट हाइनलाइनची मूळ कादंबरी फॅसिस्ट आहे, तिच्या नादी लागू नकोस. दुसरा म्हणतो सिनेमाने कादंबरीची पार वाट लावली. खरं कोणाचं, आणि पुस्तक वाचावं का?

वाचाच. माझ्या मते कादंबरी फॅसिस्ट नाही. एकतर्फी मात्र आहे, आणि ते का ते खाली सांगतो. सिनेमाने तिची वाट लावली हे खरं आहे, पण ती जाणूनबुजून लावली, आणि तसं करताना पुस्तकात झाकून राहिलेलं बरंच काही उघडं केलं. मी आधी सिनेमा पाहिला, कॉलेजात असताना, केबलवर. पुस्तक त्यानंतर सात-आठ वर्षांनी हाती लागलं. तेव्हापासून चार वेळा वाचून झालंय. (पुढे कथानक फोडलेलं आहे, ते आत्ताच सांगून ठेवतो.)

दोन्हींत असलेला एकच प्रसंग घेतो, म्हणजे फरक लगेच कळेल. भरतीच्या कार्यालयातला.

नुकताच शाळा संपवलेला जॉनी रिको सैन्यात नाव घालायला जातो. टेबलामागे एक सार्जंट बसलाय. त्याचा एक हात नाही, दोन्ही पाय नाहीत. सिनेमात तो सार्जंट मोठ्या अभिमानाने म्हणतो की मी आज जो कोणी आहे तो मोबाईल इन्फन्ट्रीमुळेच (म्हणजे त्या जगातल्या पायदळामुळेच), आणि टेबलापासून मागे सरकतो. तेव्हा आपल्याला दिसतं की त्याला पाय नाहीत. पोरं क्षणभर गप्प होतात, आणि दृश्य पुढे सरकतं. सरकार पोरांना गिळतं, त्यातून उरलेल्यांनाच दाराशी बसवतं आणि वर त्यांच्याच तोंडून जाहिरात करवून घेतं. दिग्दर्शकाला एवढंच सांगायचंय.

कादंबरीत हाच सार्जंट वेगळ्याच कामाला बसवलाय. त्याला मुद्दाम तसा, एका हाताचा, बिनपायांचा, समोर ठेवलंय, ते येणाऱ्या पोरांनी घाबरून परत जावं म्हणून. त्याचं कामच पोरांना परावृत्त करण्याचं. सही केल्यावरही दोन दिवसांची मुदत देतात, आणि परत आला नाहीस तर काय होईल असं विचारून स्वतःच उत्तर देतात: काहीही नाही. शिक्षा नाही, बोलणी नाहीत. फक्त पुन्हा कधी संधी मिळणार नाही. नंतर रिकोला तोच सार्जंट बाहेर भेटतो, छान कपड्यांत, स्वतःच्या पायांवर चालत. पाय कृत्रिम आहेत, पण इतके उत्तम की ओळखू येत नाहीत. ड्युटी संपली की तो ते लावून घरी जातो.

माणूस तोच, टेबल तेच, आणि अर्थ पार उलटा. म्हणून मी सिनेमाला कादंबरीचं रूपांतर म्हणत नाही. तो कादंबरीला दिलेला जबाब आहे.

आता लेखक आणि दिग्दर्शक असे का वागले ते बघा. रॉबर्ट हाइनलाइन अमेरिकन नौदलाचा अधिकारी होता. 1929 साली ॲनापोलिसच्या अकादमीतून बाहेर पडला आणि 1934 मध्ये क्षयामुळे त्याला नौदल सोडावं लागलं. ज्या आयुष्यासाठी तयारी केली तेच हातातून गेलं, आणि दुसऱ्या महायुद्धात तो प्रत्यक्ष आघाडीवर कधी जाऊ शकला नाही. हे दुःख पुस्तकभर जाणवतं असं मला वाटतं. सैनिकाबद्दल इतकी ओढ, इतका आदर असलेलं लिखाण बाहेर राहून गेलेल्या माणसाचंच असतं. 1958 मध्ये अमेरिकेने अणुचाचण्या एकतर्फी थांबवाव्यात अशी मागणी करणारी एक जाहिरात वर्तमानपत्रात आली, तेव्हा तो इतका संतापला की हातातलं दुसरं लेखन बाजूला ठेवून, बायकोसोबत स्वखर्चाने उलटी जाहिरात छापून मोकळा झाला. त्याच रागातून ही कादंबरी झाली. किशोरांसाठी त्याच्या बारा कादंबऱ्या काढणाऱ्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनाने ही तेरावी नाकारली. पटनमने ती 1959 मध्ये छापली आणि 1960 मध्ये तिला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

सिनेमाचा दिग्दर्शक पॉल व्हरहोवन 1938 चा, डच. त्याचं लहानपण जर्मनांच्या ताब्यातल्या हेग शहरात गेलं. जर्मन तिथून व्ही-टू रॉकेटं सोडत, म्हणून त्या शहरावर बॉम्ब टाकायला ब्रिटिश विमानं येत. 3 मार्च 1945 ला त्यांचा नेम चुकला आणि एका वस्तीतली पाचशेहून जास्त माणसं मेली. म्हणजे डोक्यावर शत्रूचं राज्य आणि आकाशातून मित्राचे बॉम्ब. ज्या पोराने गणवेश, बूट आणि झेंडे रस्त्यावरून जाताना पाहिले, त्याच्या हातात पुढे हाइनलाइनचं पुस्तक आलं. त्याने स्वतः सांगितलंय की दोन-तीन प्रकरणं वाचून त्याने ते खाली ठेवलं आणि बाकीची गोष्ट पटकथाकार एड न्यूमायरला सांगायला लावली. मुळात न्यूमायरची पटकथाही वेगळ्याच नावाने, किड्यांशी लढाई अशी सुरू झाली होती. कादंबरीचे हक्क नंतर घेतले.

पूर्ण न वाचता पुस्तकाला उत्तर देणं मला पटत नाही. कारण पुस्तकातलं जे सगळ्यात चांगलं, ते त्या न वाचलेल्या भागात आहे.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मधली काही वर्षं ते बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरुटांना शिकवत होते, म्हणजे फौजेच्या भाषेत ‘उस्ताद’ होते. मी त्यातला एक भाग त्यांना मराठीत तोंडी सांगितला होता, एका रविवारी, गावच्या घराच्या ओसरीत. प्रसंग असा: हेंड्रिक नावाच्या रंगरुटाला सरावात ‘जिथे आहेस तिथेच थिजून पडून राहा’ असा हुकूम मिळतो. तो नेमका मुंग्यांच्या वारुळावर पडलेला असतो, म्हणून हलतो. सार्जंट झिम त्याला त्याबद्दल फटकारतो, आणि पोरगा उसळून झिमलाच ठोसा मारतो. युद्धकाळात वरिष्ठावर हात उचलला तर फाशीसुद्धा होऊ शकते. कॅप्टन फ्रँकेल किरकोळ शिक्षेवर भागवायला बघत असतो, पण हेंड्रिक स्वतःच्या तोंडाने बोलून जातो की हो, मारलं मी. एकदा ते कागदावर आलं की मग कोर्ट मार्शल. दहा फटके आणि बडतर्फी.

पण खरा प्रसंग त्यानंतरचा आहे. फटक्यांनंतर रिको बाहेर ड्युटीवर असतो आणि त्याला आतलं बोलणं ऐकू येतं. डोळा काळानिळा झालेला झिम आणि त्याचा कॅप्टन. कॅप्टन झिमलाच बोल लावतो: तू त्याचा ठोसा चुकवायला हवा होतास. पोरगा उसळणार हे तुला आधी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, म्हणून एका मुलाच्या पाठीची सालटी निघाली आणि त्याचं आयुष्य वाया गेलं. झिम ते मान्य करतो, आणि मला दुसरीकडे पाठवा म्हणतो. कॅप्टन नकार देतो. ज्या झिमला सगळे दगड समजत होते, तो आतून हादरलाय.

एवढं ऐकून आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हा लिहिणारा फौजेत होता.” मी म्हटलं, “नौदलात होता, आप्पा.” “असू दे. पोरगं चुकलं तर आधी उस्ताद चुकलेला असतो. हे आम्ही एकमेकांत बोलायचो, पण पोरांसमोर कधी नाही.”

मला तेव्हा कळलं की ज्याला लोक फॅसिस्ट पुस्तक म्हणतात त्यात वरचा माणूस खालच्याची जबाबदारी आपल्या अंगावर घेतो. फॅसिझममध्ये नेता कधी चुकत नसतो. इथे चूक नेमकी वरूनच मोजली जाते. रिकोच्या छावणीत 2009 जण सुरुवात करतात आणि शेवटी 187 उरतात. गेलेल्यांतले बरेचसे आपणहून राजीनामा देऊन गेलेले. कुणालाही, कधीही, घरी जायची मुभा आहे. सक्तीची भरती नाही. हे सगळं सिनेमातून गाळलंय, किंवा इतक्या घाईत उरकलंय की कोणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे चिलखत. पुस्तकात प्रत्येक सैनिकाच्या अंगावर यंत्राचं चिलखत असतं, ज्याला पॉवर्ड सूट म्हणतात. हाइनलाइनने ते इतकं बारकाईने लिहिलंय की आजही वाचताना नवं वाटतं. सूट चालवायचा नसतो, फक्त अंगात घालायचा. आतून शेकडो संवेदक शरीराला टेकलेले असतात; तुम्ही हात उचलायला जाता, सूटला तो दाब कळतो, आणि तोच हात तो कितीतरी जास्त ताकदीने उचलतो. उडी मारली की इमारत ओलांडून पलीकडे. दोन सैनिकांमध्ये मैलांचं अंतर. म्हणजे एकेक जवान म्हणजे एक रणगाडा, आणि म्हणून तो मोलाचा. एक माणूस खाली राहिला तर त्याला उचलायला अख्खं जहाज थांबतं. याच पुस्तकाच्या जपानी आवृत्तीतल्या सूटच्या चित्रांवरून पुढे ‘गंडाम’ या जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या यंत्रमानवांची कल्पना सुचली, हेही जाता जाता सांगतो.

सिनेमात सूट नाही. इतका पैसा नव्हता, आणि फिल टिपेटच्या हजारो किड्यांनी खर्च आधीच खाल्ला होता (किडे मात्र अफलातून आहेत, ऑस्करचं नामांकन उगाच नव्हतं). पण परिणाम बघा. सूट काढला की सैनिक म्हणजे हातात बंदूक घेतलेली उघडी पोरं, झुंडीने धावणारी. क्लेंदाथू या किड्यांच्या ग्रहावर ती शेकड्याने चिरली जातात आणि वरच्यांना त्याचं काही वाटत नाही. पैशाच्या अडचणीने व्हरहोवनच्या मुद्द्याला जेवढं बळ दिलं तेवढं पटकथेनेही दिलं नसेल.

आता पुस्तकात जे खुपतं ते. पहिलंच प्रकरण घ्या. रिको आणि त्याची तुकडी एका परग्रहावरच्या शहरावर छापा घालते. त्या लोकांना ‘स्किनी’ म्हणतात. ते किड्यांच्या बाजूने गेलेत, म्हणून त्यांना दहशत बसवायची. रिको एक भिंत फोडून आत घुसतो. खोलीत खूप जण जमलेले असतात. तो एक बोलणारा बॉम्ब टाकतो, जो त्यांच्या भाषेत ओरडू लागतो: मी तीस सेकंदांचा बॉम्ब आहे, तीस सेकंदांचा, एकोणतीस, अठ्ठावीस… आणि रिको पुढच्या उडीला निघून जातो. ती जागा काय होती? प्रार्थनास्थळ? धर्मशाळा? त्यालाही नक्की माहीत नाही, आणि तो विचारात अडकत नाही. तिसऱ्या वाचनापर्यंत माझंही त्या पानाकडे लक्ष गेलं नव्हतं. आता प्रत्येक वेळी तिथेच थांबतो. लेखकाने त्यावर एकही ओळ खर्च केलेली नाही.

आणि मग मतदानाचा मुद्दा, ज्यावरून सगळा वाद आहे. या जगात मत फक्त त्यालाच, ज्याने किमान दोन वर्षं संघराज्याची सेवा करून निवृत्ती घेतली. सेवेत असताना मत नाही. बाकीच्यांना धंदा, बोलणं, लिहिणं यांचं सगळं स्वातंत्र्य आहे, फक्त मत नाही. अधिकाऱ्यांच्या शाळेत मेजर रीड वर्गाला विचारतात, आपली पद्धत का चालते? निवृत्त सैनिक हुशार असतात म्हणून? नाही. जास्त शिस्तीचे असतात म्हणून? नाही, त्यांचे गुन्हेही इतरांइतकेच. मग? त्यांनी एकदा तरी स्वतःपेक्षा समाजाला वर ठेवलेलं असतं म्हणून. ऐकायला जोरदार वाटतं.

पण वर्गात उलटा प्रश्न विचारणारं कोणीच नाही. निवृत्त कर्नल दुब्वा शाळेत जे शिकवतात, ते प्रत्येक वेळी जिंकतात. एक मुलगी म्हणते हिंसेने कधी काही सुटत नाही, तर ते तिला कार्थेजच्या (रोमने युद्धात नष्ट केलेल्या शहराच्या) नगरपित्यांना जाऊन सांग म्हणतात, आणि ती गप्प. (सिनेमात कार्थेजऐवजी हिरोशिमा आलंय, तो बदल मला जास्त बोचला.) सैन्याला बांडगूळ म्हणणारा एकच माणूस पुस्तकात आहे, रिकोचा बाप, आणि शेवटी तोही सैन्यात येतो. मत नसलेल्या बाईचा, हमालाचा, आजारी माणसाचा आवाज एकदाही येत नाही. मी एकतर्फी म्हटलं ते या अर्थाने.

माझी आजी 1952 च्या पहिल्या निवडणुकीत मत द्यायला गेली होती. अक्षरओळख नव्हती. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. मतपत्रिका घडी करून आवडीच्या पेटीत टाकायची. देशात तेव्हा 17 कोटींहून जास्त मतदार होते, बहुतेक आजीसारखेच. दोन वर्षं सेवा कर, मग ये, असं तिला कोणी म्हटलं नाही. तिने तोवर पाच पोरं वाढवली होती, सासऱ्याचं आजारपण काढलं होतं आणि नवरा मुंबईच्या गिरणीत असताना शेत सांभाळलं होतं. मेजर रीडच्या व्याख्येत ती बसत नाही, आणि ही व्याख्या तोकडी आहे हे मला तिच्यामुळेच दिसलं. उलट आप्पा सीमेवर असताना टपालाने मत द्यायचे. हाइनलाइनच्या जगात नेमका तोच हक्क त्यांना नसता.

तरी एक गोष्ट हाइनलाइनच्या पदरात घालायला हवी. पुस्तकाच्या अगदी शेवटी, सहज बोलता बोलता कळतं की रिकोच्या घरी तागालोग बोलतात. म्हणजे अख्खी कादंबरी ज्याच्या डोळ्यांनी वाचली तो फिलिपिनो आहे. एका जहाजाला मॅगसायसायचं नाव का नाही यावर तो एका पोराशी बोलतो. 1959 साली, अमेरिकेत, पोरांच्या पुस्तकात हे लेखकाने शेवटपर्यंत दाबून ठेवलं आणि मग उघड केलं, म्हणजे तोवर वाचकाने त्याला आपला मानलेलं असावं. फॅसिस्ट माणूस असं लिहीत नाही.

सिनेमाने हा रिको ब्युनोस आयरेसचा गोरा, कोरीव जबड्याचा मुलगा केला. त्याच्याभोवती सगळे तसेच देखणे, गुळगुळीत चेहरे. हे अडाणीपणाने झालेलं नाही. नाझी प्रचारपटांत जसे चेहरे निवडत तसे ते निवडलेत, आणि सुरुवातीची सैनिकांची रांग तर लेनी रीफेनश्टालच्या ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ वरून उचललीय. मध्येमध्ये येणाऱ्या बातमीपत्रांकडे पुन्हा लक्ष देऊन बघा. सैनिक शाळकरी पोरांना गोळ्या वाटतायत. पोरं झुरळं चिरडतायत आणि बाजूला आई टाळ्या पिटतेय. एक पत्रकार म्हणतो की काहींच्या मते किड्यांच्या हद्दीत आपणच आधी घुसलो, तर रिको त्याला मध्येच तोडून ‘सगळ्यांना मारा’ म्हणतो. शेवटी बाकीच्या किड्यांना चालवणाऱ्या ‘मेंदू-किड्याला’ पकडतात, नट नील पॅट्रिक हॅरिस काळ्या लांब कोटात त्याला हात लावून सांगतो की तो घाबरलाय, आणि अख्खी फौज जल्लोष करते. मी कॉलेजात असताना मीही त्यांच्यासोबत ओरडलो होतो. वडिलांसोबत दुसऱ्यांदा बघताना तोच जल्लोष ऐकून आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

1997 मध्ये बऱ्याच समीक्षकांना हा सगळा प्रकार खराच वाटला आणि त्यांनी सिनेमालाच फॅसिस्ट म्हटलं. सुमारे दहा कोटी डॉलर घालून अमेरिकेत त्याच्या जेमतेम निम्मे परत आले. व्हरहोवनचं म्हणणं साधं होतं, युद्ध आपल्या सगळ्यांनाच फॅसिस्ट करतं. मला वाटतं त्याला हाइनलाइनशी भांडायचंच नव्हतं. हेगच्या रस्त्यावर पाहिलेल्या गणवेशांशी त्याचं भांडण होतं, आणि हे पुस्तक त्यासाठी हाताशी आलं.

म्हणून दोन्ही मित्रांना सांगा की अर्धं अर्धं बरोबर आहे. पुस्तक वाचून झालं की जो हाल्डेमनची ‘द फॉरएव्हर वॉर’ ही घ्या, 1974 ची. हाल्डेमन व्हिएतनाममध्ये जखमी होऊन आलेला सैनिक. त्याचे सैनिकही असेच सूट घालून लढतात, पण जवळपास प्रकाशाच्या वेगाने जाऊन परत येईपर्यंत पृथ्वीवर शतकं उलटलेली असतात आणि घर म्हणावं असं काही उरत नाही. हाइनलाइनला सगळ्यात खरं उत्तर त्या पुस्तकाने दिलंय, सिनेमाने नव्हे.

आणि सिनेमा पुन्हा लावलात तर भरतीच्या त्या सार्जंटकडे बघा. तो नट रॉबर्ट डेव्हिड हॉल. 1978 च्या एका अपघातात त्याचे दोन्ही पाय खरोखरच गेले होते, म्हणजे त्या दृश्यात पाय झाकण्याची करामत नाही. पुढे ‘सीएसआय’ मालिकेत तोच डॉक्टर रॉबिन्स झाला, आणि वर्षानुवर्षं तिथे कुबडी घेऊन, कृत्रिम पायांवर चालत राहिला, अगदी पुस्तकातला सार्जंट ड्युटी संपल्यावर घरी जातो तसा.